फोटोत मागचं दिसत नाही

वसमत, जि. परभणी
७ फेब्रुवारी १९९९

प्रिय हिरासिंगभाऊ,

साखर कारखान्यात तुम्ही ट्रकखाली आडवे आणि मी खिडकीशी हजेरीपट घेऊन उभा, अशी आपण कैक वर्षं काढली. तुम्ही नोकरी सोडून वारंगा फाट्यावर गॅरेज टाकलंत तेव्हा मी नारळ घेऊन आलो होतो. त्यानंतर थेट आज लिहितो आहे, तेही कामासाठी. कारकुनाची सवय, दुसरं काय.

सोबत जुन्या कॅलेंडरचं एक पान आहे. त्यावरची लाल, बिनछपराची, लांब नाकाची विलायती गाडी नीट बघा. शर्यतीची आहे. मला ही हवी. विकत घ्यायची नाही, करायची आहे. आमच्या कैलासवासी तात्यांची फियाट दारात उभी आहे. तिचं इंजिन, चाकं, गियर ठणठणीत आहेत. तेवढं ठेवायचं आणि वरचं सगळं अंग या फोटोतल्यासारखं करायचं. परदेशात हौशी लोक साध्या गाडीवर अशी जुन्या शर्यतीच्या गाडीची नक्कल घरच्या अंगणात चढवतात, असं एका मासिकात वाचलं. त्यांना जमतं तर तुम्हाला न जमायला काय झालं?

अटी दोनच. गाडीत दोन सीटं हवीत, तिसरं माणूस टेकेल अशी जागा कुठेही नको. आणि घरात कळता कामा नये. फोन करू नका, तो अक्काच्या खाटेशेजारी असतो. गॅरेजवर मला येता यायचं नाही, कारण मी चप्पल पायात घातली की घरातलं कुणीतरी "मीही येतो" म्हणून उठतं. म्हणून हे पत्र.

दसऱ्याला गाडी दारात पाहिजे. घाई करा.

तुमचा
व्यंकटराव


वारंगा फाटा, ता. कळमनुरी
१५ फेब्रुवारी १९९९

व्यंकटराव साहेबांना हिरासिंगचा रामराम.

तुमचं चोरून करायच्या गाडीचं पत्र मिळालं. घरात एवढंच पोस्टकार्ड होतं, त्यावर लिहून राहिलो. काम घेतलं. मी एष्टी ठोकली, जीप ठोकली, उसाच्या ट्रॉल्या ठोकल्या. विलायती गाडी झाली म्हणून काय झालं, तीबी पत्राच.

अडचण एकच. फोटोत गाडीचं तोंड दिसतं, डावं दार दिसतं. दाराच्या मागं एक मड्डम घेरदार झगा घालून उभी आहे आणि तिच्या पायाशी पांढरं कुत्रं आहे. मड्डमच्या मागं गाडी किती आहे आणि कशी आहे, ते फोटोत दिसत नाही. मागचं काय करायचं ते कळवा.

दुसरं, लिहिताना तुमची चूक झाली. दोन सीटं लिहिलं. तुमच्या घरात आठ माणसं आहेत, मला ठाऊक आहे. मी बराबर करून घेतो. फिकीर करू नका.

हिरासिंग


वसमत
२४ फेब्रुवारी १९९९

हिरासिंगभाऊ,

पोस्टकार्ड! अहो, चोरून करायच्या गाडीबद्दल पोस्टकार्ड कुणी लिहितं का? अक्काला चष्मा सापडेना, म्हणून आमच्या पोस्टमनने ते ओसरीवर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. माझी मोठी बहीण नीलांबरीअक्का, तिचा मुलगा पिंटू, पिंटूची बायको शिला, त्यांची जुळी लेकरं आणि माझे बापूकाका, सगळ्यांनी ऐकलं. प्रेमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनेही ऐकलं. अक्काला तर रडूच कोसळलं. "आपल्यासाठी मोठी गाडी करून राहिला, अन् सांगत न्हाई लेकरू!" म्हणाली. मी बावन्न वर्षांचं लेकरू तिचा चष्मा शोधायला लागलो.

आता तुम्हाला खरं सांगतो. दोन सीटं ही चूक नाही.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी आणि प्रेमा दोघंच असे कोणत्याही वाहनात बसलेलो नाही. लग्नानंतर माहूरला गेलो तर जीपमध्ये अकरा माणसं होती आणि मी टपावर होतो. परभणीला सिनेमा बघायला गेलो, तर मधल्या खुर्चीवर अक्का. एकदा रिक्षा केली, तर रिक्षावालाच तिचा ओळखीचा निघाला आणि वाटेत त्याने आपल्या सासूला बसवून घेतलं.

हे कॅलेंडर मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कारखान्यातून घरी आणलं होतं. प्रेमा भिंतीशी उभी राहून बराच वेळ त्या गाडीकडे बघत होती. मग म्हणाली, "यात दोनच माणसं बसतात, न्हाई?" एवढंच बोलली आणि पोळ्या करायला निघून गेली. वर्ष संपलं तेव्हा पान फाडून ठेवून दिलं.

माझ्या घरातलं कुणी वाईट नाही. सगळी जीव लावणारी आहेत, हीच तर पंचाईत आहे. मला जन्मात कुणाला "तू येऊ नको" म्हणता आलेलं नाही. ते आता गाडीने म्हणावं, एवढीच माझी इच्छा आहे. दसऱ्याला प्रेमाला शेजारी बसवायचं, सिद्धेश्वर धरणावर जायचं, भजी खायची, परत यायचं. दोघंच. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

यापुढे पाकिटातच लिहा, आणि पाकीट नीट चिकटवा.

व्यंकटराव


वारंगा फाटा
२१ मार्च १९९९

साहेब,

पाकीट खळीनं चिकटवलं आहे. उघडताना ब्लेड घ्या.

वहिनींचं वाचून वाईट वाटलं. घरी निर्मलाबाईला वाचून दाखवलं तर ती मलाच बोलून राहिली, "तुमी तरी मला कुठं नेलं?" मी म्हणलं, तुला ट्रकमधून नांदेडला नेलं होतं. ती म्हणाली, त्यात कांदे होते. असो.

तुम्ही फियाट सोडायला आलात त्या दिवशी घरचे सगळेच आले, त्यामुळं बोलणं झालं नाही. तुम्ही अक्काच्या पाठीमागून मला दोन बोटं दाखवून राहिले होते. मी दोन चहा जास्तीचे सांगितले. पाकिटातलं पत्र फिरून वाचलं तेव्हा समजलं की ती सीटं होती.

गॅस कटरनं छप्पर कापलं. कापलं तशी गाडी मधोमध वाकली. डावं दार लागेना, उजवं उघडेना. मग कळलं की फियाटला खाली वेगळा सांगाडाच नसतो, छप्परच तिला धरून असतं. घाबरू नका. भंगारात एका जीपचा सांगाडा मिळाला, तो खाली घातला. आता गाडी भक्कम आहे. डांबराच्या ड्रमचे पत्रे ठोकून नाक केलं. नाक असं उतरलं आहे की ट्रकवाले थांबून हात लावून जातात.

जीपचा सांगाडा मागं बराच उरला आहे. कापायचा का, कळवा.

हिरासिंग


वसमत
२ एप्रिल १९९९

हिरासिंगभाऊ,

कापा.

व्यंकटराव


वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
१० मे १९९९

साहेब,

जिल्हा नवा झाला, पत्त्यात सुधारणा करून घ्या.

मधे तांड्यात लग्नं होती, गॅरेज बंद होतं. आल्यावर कटर पेटवला, तेवढ्यात जीपमधून बापूकाका उतरले. बगलेत पेटी. आले तसे सांगाड्याच्या उरलेल्या टोकावर फळी टाकून बसले आणि भजन सुरू केलं. म्हाताऱ्या माणसाच्या खाली कटर कसा चालवावा? भजन संपेना. फाट्यावरची माणसं जमली. शेवटी काका म्हणाले, "हिरासिंग, मांडीला इथं लई बराबर वाटून राहिलं. माझी बैठक इथंच कर. पण तोंड मागं कर, वाऱ्यानं डोळ्याला पाणी येतं."

त्यांचं वय काय, माझं काय. काहून नाही म्हणायचं? शेवटच्या टोकाला त्यांची बैठक केली, तोंड मागं. पेटी ठेवायला फळी केली.

तुम्ही रागवाल म्हणून एक गोष्ट ध्यानात आणून देतो. तुम्ही सांगितलं, फोटोसारखी करा. फोटोत मड्डमच्या मागचं दिसत नाही. तिथं एखादा म्हातारा पेटी घेऊन बसला नसेलच, असं कुणी सांगावं?

हिरासिंग


वसमत, जि. हिंगोली
२२ मे १९९९

हिरासिंगभाऊ,

विलायती शर्यतीच्या गाडीत मागे तोंड करून भजन म्हणणारा म्हातारा नसतो, हे मी तुम्हाला लेखी देतो.

पण आता ती बैठक काढता यायची नाही. काकांनी घरी येऊन माझे दोन्ही हात धरले. "व्यंकट, माझ्यासाठी खास जागा करायला सांगितलीस!" म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते वाऱ्याने आलेलं नव्हतं. मी काय म्हणणार? "तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी, काका?" असं म्हणालो. जीभ माझी आहे पण ती माझ्या ताब्यात नाही.

मला नाही म्हणता येत नाही म्हणून तर हे काम तुमच्याकडे दिलं. तुम्हालाही येत नाही हे आधी सांगायचं होतंत. काकांचं ठीक आहे, ते टोकाला आहेत, तोंडही पलीकडे आहे. मधे मात्र आता काही करू नका. पत्रा ठोकून बंद करा.

व्यंकटराव


वारंगा फाटा
३० जुलै १९९९

साहेब,

मधे पत्रा ठोकला होता. मग शिलाताई जुळ्यांना घेऊन आल्या. लेकरं त्या पत्र्यावर चढली, घसरून खाली आली आणि पुन्हा चढली. दुपारपर्यंत पत्र्याला खळगा पडला, त्या खळग्यात दोघंही झोपली. शिलाताई म्हणाल्या, "दादा, एवढी शांत झोप घरात कधी लागत न्हाई." मग खळगा आणखी खोल केला, फोम घातला, शेजारी शिलाताईंचा बाक केला. लेकरं एकटी कशी झोपतील?

गाडी थोडी लांबली आहे. साहेब, आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरले. तांडा निघाला कुठं, ते पुढचा बघायचा. मागं किती लांब आहे ते कुणी मोजत नसे. मलाबी तीच सवय.

आखाडात तुमच्या घरचं आणखी एक माणूस एकटंच येऊन गेलं. मला एक काम सांगून गेलं. शब्द दिला आहे म्हणून नाव लिहीत नाही. तुम्हीबी विचारू नका.

हिरासिंग


वसमत
९ ऑगस्ट १९९९

हिरासिंगभाऊ,

विचारायची गरजच नाही. तो पिंटू. त्याला ट्रकचा हॉर्न हवा आहे, महिनाभर ओसरीवर तोंडाने वाजवून दाखवतो आहे. द्या त्याला हॉर्न आणि वाटेला लावा.

मी मनाची समजूत घातली आहे. मागे काका, मधे लेकरं, असू द्या. दसऱ्याच्या दिवशी सकाळी सगळी झोपेत असताना आम्ही दोघं गुपचूप निघू. मागची जागा रिकामी राहील, तिच्याकडे मी वळून बघणार नाही. पुढची दोन सीटं तेवढी फोटोतल्यासारखी ठेवा. उजवं माझं, डावं प्रेमाचं. तिथे शंकराला जरी बसायचं असलं तरी त्याला औंढ्याला परत पाठवा.

अक्का राखीपौर्णिमेला कुठेतरी जाणार आहे म्हणते. कुठे ते सांगत नाही. तिला भाऊ मी एकटाच, आणि मी तर घरातच आहे.

व्यंकटराव


वारंगा फाटा
२८ ऑगस्ट १९९९

साहेब,

तुम्ही बसून घ्या, मग वाचा.

राखीपौर्णिमेला अक्का आल्या. ताटात निरांजन, राखी, पेढे. गॅरेजच्या दारात पाट मागितला. पाट कुठला, मी जुन्या टायरवर बसलो. त्यांनी ओवाळलं, राखी बांधली, पेढा भरवला. निर्मलाबाई बघून राहिली होती. मला सख्खी बहीण नाही साहेब, हाताला पहिल्यांदाच राखी लागली. मी म्हणलं, अक्का, ओवाळणी काय घालू? त्या म्हणाल्या, "भाऊ, मला मागं बसलं की मळमळतं. पुढची डावी जागा दे."

आता तुम्हीच सांगा, राखी बांधलेल्या हातानं नाही कसं म्हणावं? ओवाळणीत डावं सीट दिलं. त्यांच्या मापानं रुंदबी केलं. लोणच्याच्या बरणीसाठी खाली कडी लावली.

शंकर आले असते तर मी परत पाठवले असते. पण त्यांनी राखी आणली नसती.

तुमचा आणि आता अक्काचाबी भाऊ
हिरासिंग


वसमत
५ सप्टेंबर १९९९

हिरासिंग,

ते डावं सीट प्रेमाचं होतं.

मी काही मोठं मागितलं नव्हतं. बंगला नाही, परदेशवारी नाही. एक जागा मागितली होती जिथे आम्ही दोघं शेजारी बसू आणि तिसरं कुणी नसेल. तेवढीही तुम्ही ओवाळणीत घालून टाकलीत. दोघांची गाडी मागितली, तुम्ही वरात करून ठेवलीत.

मला फार वाईट वाटलं आहे, हे सरळ लिहितो. तुमच्यावर रागावलो आहे, त्याहून जास्त माझ्यावर. प्रेमा रोज जेवताना विचारते, "गाडी कितपत आली?" मी म्हणतो, येईल. ती नुसती हसते. तिला यातलं काही ठाऊक नाही आणि ती हसते, ते मला बघवत नाही.

कॅलेंडरचं पान परत पाठवा. गाडीचं काय करायचं ते करा.

व्यंकटराव


वारंगा फाटा
१२ ऑक्टोबर १९९९

साहेब,

तुम्ही आधी राग करा, मग शांत व्हा, मग सोबतचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवा. एक तुमचं कॅलेंडरचं पान. दुसरा काल आमच्या गॅरेजसमोर काढला.

गाडी लाल. नाक तेच. पुढचे दिवे तेच, ते बुलेटचे आहेत पण सांगितल्याशिवाय कळत नाही. दार तेच. दाराच्या मागं, मड्डम उभी होती बराबर त्या जागी, निर्मलाबाई तिच्या आईचा आरशांचा घागरा नेसून उभी आहे. तयार होईना, साडी कबूल केली तेव्हा झाली. पायाशी तांड्यातलं पांढरं कुत्रं. ते बसेना, म्हणून फोटोत थोडं हललं आहे. आता दोन्ही फोटोंत फरक दाखवा. ती तिथं उभी आहे तोपर्यंत गाडी हुबेहूब आहे, हे मी कुठंबी छातीठोक सांगेन. ती बाजूला झाली की मागं मोठा कारभार आहे, पण तुम्ही फोटो दिला होता पुढचा.

१८ तारखेला पिंटू येऊन गाडी घेऊन जाईल. अक्काचा निरोप आला तसा.

एवढंच सांगतो की मी तुमचं वाईट करणारा माणूस नाही. दसरा होऊ द्या, मग मला काय बोलायचं ते बोला.

हिरासिंग


वसमत
२० ऑक्टोबर १९९९

हिरासिंगभाऊ,

काल दसरा झाला. जे घडलं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा संध्याकाळी पिंटू गाडी घेऊन गल्लीत शिरला. नाक आमच्या दाराशी आलं तेव्हा बापूकाकांची बैठक अजून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी होती. पोरं टाळ्या वाजवत होती. मी खरं सांगतो, पुढून बघितली तर हुबेहूब. तीच गाडी, कॅलेंडरमधली. मग मी दोन पावलं बाजूला सरकलो आणि बाकीची दिसली.

गुपचूप निघायचा बेत बुडाला. मला जाग आली तेव्हा अख्खं घर अंघोळ करून गाडीपाशी उभं होतं. अक्काने गाडीला ओवाळलं, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. मी धीर करून म्हणालो, "सिद्धेश्वर धरणावर जायचं का?" अक्का म्हणाली, "तिथं काय बघायचं, पाणी? हिंगोलीला दसरा बघायला जाऊ. रावण जळताना बघू, नात आहे तिथं, रात्री राहू." तिच्या नणंदेची नात हिंगोलीत असते.

मग बसणं सुरू झालं. काका मागे, पेटी फळीवर. लेकरं खळग्यात. शिला बाकावर. अक्का पुढे डावीकडे, बरणी कडीत. मी उजवीकडे निघालो, तर पिंटू आधीच स्टेअरिंगला बसलेला. म्हणाला, "मामा, एवढी लांब गाडी तुमच्यानं वळायची न्हाई." गाडी भरली. मी आणि प्रेमा खाली उभे. अक्काने चारी बाजूंना बघितलं, सरकून बघितलं, लेकरांना उचलून बघितलं. खरोखर कुठेच जागा नव्हती, इतकं मापात काम केलं आहे तुम्ही. अक्का रडवेली झाली. "तुमच्याबिगर कसं जावं?" प्रेमा म्हणाली, "तुम्ही जा हो, आम्ही राहतो घरी. दसऱ्याचा दिवस मोडू नका."

आणि ती सगळी गेली.

हॉर्नचा आवाज बराच वेळ येत होता. तो थांबला तशी घरात इतकी शांतता झाली की मला आमच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते टिकटिक करतं हे मला माहीतच नव्हतं. मी ओसरीवर बसलो आणि प्रेमाला सगळं सांगून टाकलं. कॅलेंडर, धरण, दोन सीटं, सगळं. म्हणालो, तुझ्यासाठी केली होती आणि तुलाच जागा उरली नाही.

ती उठली. आत गेली आणि दोन खुर्च्या घेऊन आली. अंगणात जिथे फियाट उभी असायची, ऑइलचा डाग आहे ना, तिथे त्या शेजारी शेजारी मांडल्या, रस्त्याकडे तोंड करून. डावीकडे बसली. मग पुन्हा उठली, आतून कणकेची परात आणून माझ्या हातात दिली, आणि पुन्हा बसून म्हणाली, "यात दोनच माणसं बसतात, न्हाई?"

मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग मी परात फिरवत गाडी काढली. औंढ्याच्या रस्त्याला लागलो. शिरड शहापूर गेल्यावर ती म्हणाली, हळू, खड्डा आहे. मी हळू केली. धरणावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. तिने आत जाऊन भजी तळली, आम्ही खुर्च्यांवर बसून खाल्ली. समोरून जाणाऱ्या दूधवाल्याने विचारलं, काय चाललंय? प्रेमा म्हणाली, "सहलीला आलो आहोत." तो आमच्याकडे बघत बघत पुढे गेला आणि गटारीत सायकल घातली.

ती मंडळी आज सकाळी यायची होती, अजून आली नाहीत. काही कळलं का? माझा तुमच्यावरचा राग गेला, हे सांगायला लिहिलं.

व्यंकटराव


वारंगा फाटा
२२ ऑक्टोबर १९९९
(एष्टीच्या कंडक्टरसोबत, हातोहात)

साहेब,

मंडळी सुखरूप आहेत आणि माझ्याकडे आहेत.

हिंगोलीहून निघाले, तर पिंटू औंढ्याकडून न जाता कळमनुरीवरून आला. गाडी तापली होती म्हणून गॅरेजकडेच आणली, शहाणा आहे. इंजिन फियाटचं, ओझं तांड्याचं. रेडिएटर फुटला. मी म्हणलं, तुम्ही एष्टीनं जा, गाडी मी पाठवतो. अक्का म्हणाल्या, "गल्लीनं ओवाळून काढलं आम्हांला. एष्टीतून कोणत्या तोंडानं उतरावं? गाडीतून गेलो, गाडीतूनच येऊ." म्हणून सगळ्यांना तांड्यात घरी नेलं. निर्मलाबाईनं भाकरीचा ढीग घातला आहे. काका दिवसभर पेटी वाजवून राहिले, लोक खूश आहेत. अक्का बायांना लोणचं शिकवून राहिल्या.

आता त्या दुसऱ्या गोष्टीचं. तुमचं पत्र निर्मलाबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, आता तरी सांगून टाका, नाहीतर मीच वसमतला जाते. आखाडात आलं होतं ते माणूस पिंटू नव्हता. प्रेमावहिनी होत्या.

पहिलं पोस्टकार्ड तुमच्या पोस्टमननं वाचलं ना, दोन सीटं ही चूक आहे म्हणून? घरातल्या सगळ्यांना ती चूकच वाटली. वहिनींना नाही वाटली. त्या जीपनं आल्या, कॅलेंडरचं पान बघितलं, माझ्याकडून धरणाचा बेत काढून घेतला, आणि मला म्हणाल्या, "भाऊ, धरणावर गेलो तरी तिथं आमच्या ओळखीचं कुणीतरी भेटंलच. त्यापेक्षा असं करा. जो येईल त्याला मागंल ती जागा द्या. पुढची मागितली तरी द्या. सगळे मावले पाहिजेत. फक्त आमच्या दोघांना जागा उरू देऊ नका." मला आधी समजलंच नाही. मी म्हणलं, वहिनी, मग तुम्ही कुठं बसणार? त्या म्हणाल्या, "घरी."

तुम्ही मला एवढं टाकून बोलले तेव्हा सांगावंसं वाटलं होतं, पण शब्द दिला होता.

रेडिएटर मी आज बसलो तर उद्या दुपारपर्यंत होतो. पहिल्या पत्रापासून तुमची घाई ठाऊक आहे. बसू का?

हिरासिंग


वसमत
२२ ऑक्टोबर १९९९
(त्याच कंडक्टरसोबत, उलट टपाली)

प्रिय हिरासिंगभाऊ,

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ प्रेमाकडे बघत बसलो. ती म्हणाली, काय बघून राहिलात, समोर बघून चालवा. आम्ही अंगणातच होतो.

फेब्रुवारीपासून मी तुमच्या मागे घाई घाई करत आलो, त्याबद्दल आता क्षमा मागतो. रेडिएटर हे नाजूक काम आहे. चांगलं रेडिएटर कळमनुरीत मिळेलसं वाटत नाही. हिंगोलीत बघा. हिंगोलीत नसलं तर परभणीला, नाहीतर नांदेडला माणूस पाठवा, आणि तो पायी गेला तरी चालेल. रंगही कुठे उडाला असेल तर दोन हात फिरवून घ्या, पूर्ण वाळू द्या. अक्काला सांगा, आम्हाला इथे फार सुनं सुनं वाटतं आहे, पण आम्ही सोसू.

घाई मात्र करू नका.

तुमचा
व्यंकटराव

ता.क.
हिरासिंगभाऊ, हे मी लिहिते आहे. पुढच्या महिन्यात पिंटूचे सासू-सासरे आणि मेहुणी राहायला येणार आहेत. मागे आणखी एक बाक निघतो का बघा. फोटोत मागचं दिसत नाही.
प्रेमावहिनी